भाड्याच्या घराचा जमाखर्च

व्यापारी घराण्यांत वास्तूविषयीचा एक विश्वास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माल किडतो, उधारी बुडते, भाव कोसळतात. घर मात्र जागचे हलत नाही, असे वडीलधारे सांगत आले. त्यामुळे पेढीवर चार पैसे शिल्लक पडले की पहिला विचार येतो तो पुण्या-मुंबईकडे एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने देण्याचा. या विचारात गैर काही नाही. गैर आहे ती एवढीच गोष्ट की, जो व्यापारी पोत्यामागे हमाली दोन रुपयांनी वाढली तर दिवसभर अस्वस्थ असतो, तोच पाऊण कोटीचे घर घेताना खर्चाची यादी कागदावर मांडत नाही. मालाचा भाव तो पडतळ काढून ठरवितो. घराचा भाव मात्र ऐकीव गोष्टींवर मान्य करतो.

हा हिशेब कसा मांडावा हे एका कुटुंबाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. उदाहरणातील दर, व्याज व कराचे नियम २०२५-२६ या आर्थिक वर्षातील आहेत.

गोदाम विकले, प्रश्न उभा राहिला

सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी भुसार मालाची एक जुनी पेढी. वडील निवर्तले, थोरले आणि धाकटे असे दोघे बंधू दुकान पाहतात. थोरली सून वाणिज्य शाखेची पदवीधर असून खतावणी तिच्याच हाती आहे. आईंचे वय अडुसष्ट. वडिलांनी हयातीत पेठेतील एक गोदाम आईंच्या नावे घेऊन ठेवले होते. पेढी त्या गोदामाचे दरमहा दहा हजार रुपये भाडे आईंना देत असे. रक्कम लहान, पण ती आईंच्या हातची होती. औषधपाणी, माहेरी आलेल्या लेकीची ओटी, पर्युषणातील दान, पांजरपोळातील चारा, हे सारे त्या कोणाला न विचारता करीत.

पुढे धान्याचा व्यापार गावाबाहेरच्या मार्केट यार्डात गेला आणि पेठेतील गोदाम ओस पडले. चांगला ग्राहक मिळाला तेव्हा ते पन्नास लाखांना विकले. पैसे आईंच्या खात्यात आले, आणि त्याच महिन्यापासून दहा हजारांचे भाडे बंद झाले. त्यानंतर पहिल्यांदाच औषधासाठी त्यांना थोरल्यांकडे पैसे मागावे लागले. थोरल्यांनी ते तत्काळ दिले. परंतु मागणे आणि मिळणे यांत जे अंतर असते ते आईंना जाणवले.

धाकट्यांचा आग्रह पुण्यात फ्लॅट घेण्याचा होता. "आई, तुझ्या नावावर घर राहील, दरमहा बावीस हजार भाडे येईल. कमी पडतील ते कर्ज काढू, भाड्यातच हप्ता फिटेल," असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मनात आणखी एक विचार होता, आणि तो त्यांनी लपविला नाही. मुलगा उपवर झाला होता. परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत पुण्याच्या घराचा उल्लेख करता आला तर स्थळे बरी येतील, असे त्यांना वाटत होते.

थोरल्यांचे मत निराळे. पेढीवर बँकेचे वीस लाखांचे सी.सी. खाते साडेदहा टक्के व्याजाने चालू होते. तेच आधी मिटवावे, वर्षाला दोन लाख दहा हजार व्याज वाचेल, असे ते म्हणत. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. मात्र पैसा आईंचा होता आणि आईंना नेमके काय हवे हे अद्याप कोणी विचारले नव्हते.

दलालाचा कागद

दलालाने आणलेला कागद सुटसुटीत होता. पुण्याच्या पश्चिम भागातील दोन शयनकक्षांचा, राहता, पुनर्विक्रीचा फ्लॅट. किंमत पंचाहत्तर लाख. भाडे दरमहा बावीस हजार, म्हणजे वर्षाला दोन लाख चौसष्ट हजार. उत्पन्न साडेतीन टक्के, शिवाय दहा वर्षांत किंमत दुप्पट.

या कागदात खोटे काही नव्हते; पण तो अर्धा होता. त्यात खरेदीची किंमत होती, पडतळ नव्हती. भाडे होते, भाड्यातून जाणारा खर्च नव्हता. व्यापाऱ्याने मालाचा हिशेब असा कधीच केला नसता. भाडे, हमाली, तोलाई, घट आणि व्याज धरल्याशिवाय तो पोत्याची किंमत सांगत नाही. घरालाही हाच न्याय लावला पाहिजे.

वहीतला हिशेब

थोरल्या सुनेने वहीचे एक कोरे पान घेतले आणि पहिल्यांदा घराची पडतळ काढली.

खरेदी किंमत: ७५,००,०००
मुद्रांक शुल्क, ६ टक्के: ४,५०,०००
नोंदणी शुल्क: ३०,०००
दलाली, १ टक्का: ७५,०००
सोसायटीचे हस्तांतरण शुल्क: २५,०००
वकिलाकडून कागदपत्रांची तपासणी: २०,०००
रंग, दुरुस्ती, कपाटे, पंखे, गीझर: २,००,०००
एकूण: ८३,००,०००

पुण्यात सर्व अधिभारांसह मुद्रांक शुल्क सात टक्के पडते. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात एक टक्का सवलत मिळते, म्हणून येथे सहा टक्के धरले आहेत. तरीही पंचाहत्तर लाखांचे घर त्र्याऐंशी लाखांना पडले. वरचे आठ लाख घर विकताना कोणी वेगळे मोजून देत नाही.

त्यानंतर भाड्याची बाजू. बारा महिने भाडे येईल असे धरणे हीच पहिली चूक. करार बहुधा अकरा महिन्यांचे होतात. एक भाडेकरू जातो, रंगकाम होते, दुसरा येईपर्यंत घर रिकामे राहते. सरासरीने वर्षाला एक महिना रिकामा धरणे शहाणपणाचे. अमुकच प्रकारचे भाडेकरू हवेत अशा अटी जितक्या वाढतील तितके हे रिकामे दिवसही वाढतात.

अकरा महिन्यांचे भाडे: २,४२,०००
सोसायटीचा मेंटेनन्स: ३६,०००
घरमालक स्वतः राहत नसल्याचे शुल्क: ३,०००
महापालिकेचा मिळकतकर: १५,०००
दुरुस्ती: २०,०००
भाडेकरू आणणाऱ्या दलालाची फी, दोन वर्षांतून एका महिन्याचे भाडे धरून: ११,०००
कराराची नोंदणी: २,०००
विमा व जाण्यायेण्याचा खर्च: ५,०००
एकूण खर्च: ९२,०००
निव्वळ शिल्लक: १,५०,०००

यांतील दोन बाबी अनेकांना ठाऊक नसतात. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देत असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्था त्याच्याकडून वेगळे शुल्क घेऊ शकते. मात्र राज्य शासनाच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. दुसरी बाब मिळकतकराची. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला करात चाळीस टक्के सवलत देते. घर भाड्याने दिले की ती सवलत जाते. म्हणून विक्रेत्याची जुनी करपावती पाहून हिशेब करू नये.

त्र्याऐंशी लाखांवर वर्षाला दीड लाख. शेकडा १.८. दलालाच्या कागदावरचे साडेतीन टक्के वहीत उतरताना जवळजवळ निम्मे झाले. महिन्याला हाती येणारी रक्कम बावीस हजार नव्हे, साडेबारा हजार.

हप्ता कोण भरणार?

आईंचे पन्नास लाख वजा जाता तेहतीस लाखांचे कर्ज काढावे लागणार होते. अडुसष्टाव्या वर्षी आईंना एकट्यांना वीस वर्षांचे कर्ज मिळणे शक्य नव्हते. मुलगा सहकर्जदार होणार होता. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता सुमारे २८,६०० रुपये. निव्वळ भाडे साडेबारा हजार. उरलेले सोळा हजार शंभर रुपये दरमहा दुकानाच्या गल्ल्यातून जाणार, म्हणजे वर्षाला एक लाख त्र्याण्णव हजार.

"भाड्यातच हप्ता फिटेल" हे वाक्य इथे गळून पडले. मुद्दलाची परतफेड बाजूला ठेवली तरी पहिल्या वर्षीचे नुसते व्याजच सुमारे दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार होत होते. आईंच्या हाती काही यावे म्हणून घर घ्यायचे, आणि त्या घरासाठी आईंच्या हाती येणारे सगळे बँकेला देऊन वर मुलांनी भर घालायची, असा तो उलटा व्यवहार होता.

कराच्या बाजूनेही यात दिलासा थोडाच. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर आणि त्यानंतर उरलेल्या रकमेच्या तीस टक्के वजावट मिळते. दुरुस्ती, मेंटेनन्स, दलाली यांची निराळी वजावट नाही. कर्जाचे व्याज वजा होते; परंतु नव्या करपद्धतीत भाड्यापेक्षा व्याज अधिक झाल्यास तो तोटा पगार किंवा व्यापाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. जुन्या पद्धतीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत वळता होतो. आणखी एक सावधगिरी: पतीने स्वतःचा पैसा देऊन पत्नीच्या नावे घर घेतल्यास त्याचे भाडे पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. नावावर घर केले म्हणजे कर वाटला गेला, हा समज अनेक घरांत महागात पडतो.

किंमत वाढेल त्याचे काय?

धाकट्यांचा यावर रास्त प्रश्न होता. "वहिनी, भाडे सोडा. दहा वर्षांत घराची किंमत वाढेल ती कुठे धरली?"

सुनेने तीही धरली. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी सुमारे ७.२ टक्के वाढ. ती होईलच असे नाही. नोटाबंदी, रेरा कायदा आणि जीएसटी यांच्या पाठोपाठ आलेल्या काही वर्षांत अनेक शहरांतील घरांच्या किमती जवळपास जागच्या जागी राहिल्या होत्या, हे व्यापारी वर्गाने पाहिले आहे. म्हणून तिने दोन हिशेब केले.

वाढ दरसाल पाच टक्के धरली तर दहा वर्षांनी घर सुमारे एक कोटी बावीस लाखांना जाईल. दलाली आणि साडेबारा टक्के दराने भांडवली नफ्यावरील कर उपकरासह देऊन हाती सुमारे एक कोटी सोळा लाख उरतील. त्र्याऐंशीचे एकशे सोळा, म्हणजे दरसाल ३.४ टक्के. वाढ आठ टक्के धरली तर घर सुमारे एक कोटी बासष्ट लाखांना जाईल, कर व अधिभार जाता जवळपास दीड कोटी हाती येतील. ते दरसाल सहा टक्के पडतात. त्यात हळूहळू वाढणारे निव्वळ भाडे मिळविले, तर एकूण उत्पन्न पहिल्या हिशेबात साडेपाच टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्यात आठ-सव्वाआठ.

हे आकडे वाईट नाहीत. पण कर्जाचे व्याज साडेआठ टक्के होते आणि पेढीचे सी.सी. साडेदहा टक्क्यांचे. साडेआठ टक्क्यांनी पैसा उचलून चांगल्यातल्या चांगल्या अंदाजाने सव्वाआठ मिळवायचे, याला व्यापार म्हणत नाहीत. शिवाय किंमतवाढ ही घर विकेपर्यंत कागदावरच असते. आजारपणात पाच लाख लागले तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही; आणि "पुण्याचे घर" एकदा झाले की ते विकणे ही घरात नामुष्की समजली जाते. जे कधी विकायचेच नाही, त्याची वाढलेली किंमत हिशेबात कशी धरावी, हा सुनेचा प्रश्न होता. धाकट्यांकडे त्याचे उत्तर नव्हते, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे मान्य केले.

कर वाचवायचा म्हणून

घर घेण्यामागे आणखी एक कारण पुढे आले होते. गोदामाच्या विक्रीत सुमारे चव्वेचाळीस लाखांचा भांडवली नफा झाला होता. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या स्थावर मालमत्तेसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून वीस टक्के किंवा न धरता साडेबारा टक्के, यांपैकी कमी भरणारा कर निवडता येतो. आईंच्या बाबतीत दोन्ही वाटांनी तो साडेपाच लाखांच्या घरातच येत होता. विक्रीची सर्व रक्कम ठरावीक मुदतीत राहत्या घरात गुंतविली तर हा कर लागत नाही. "घर घ्या, साडेपाच लाख वाचवा," असा सल्ला म्हणूनच मिळाला होता.

सल्ला कायद्याला धरून होता, परंतु एकमेव नव्हता. जमीन किंवा इमारत विकून झालेला दीर्घ मुदतीचा नफा सहा महिन्यांच्या आत केंद्र सरकारच्या काही वित्तीय महामंडळांच्या विशिष्ट रोख्यांत गुंतविल्यासही तोच कर वाचतो. या रोख्यांची मर्यादा पन्नास लाख, मुदत पाच वर्षे, व्याज सव्वापाच टक्के. मुदतीपूर्वी ते मोडता येत नाहीत, आणि व्याज करपात्र असते. कर वाचवून घेतलेले घरही तीन वर्षांच्या आत विकल्यास वाचलेला कर पुन्हा अंगावर येतो. तात्पर्य, कर दोन्ही वाटांनी वाचत होता. मग केवळ करासाठी तेहतीस लाखांचे कर्ज काढण्याचे कारण उरत नव्हते.

सुनेने दुसरे पान लिहिले. नफ्याचे चव्वेचाळीस लाख रोख्यांत ठेवले तर व्याज वर्षाला २,३१,०००. उरलेले सहा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ८.२ टक्क्यांनी, व्याज ४९,२००. एकूण २,८०,२००, म्हणजे महिन्याला २३,३५० रुपये. कर्ज नाही, भाडेकरू नाही, गळका नळ नाही. आईंना दुसरे मोठे उत्पन्न नसल्याने नव्या करपद्धतीत या व्याजावर कर भरावा लागत नव्हता.

तिने या वाटेतील उणीवही त्याच पानावर लिहिली. व्याज वाढणार नाही आणि मुद्दलही वाढणार नाही. पाच वर्षांत महागाई दोन्हींना कुरतडील. भाडे वाढते, घराची किंमत बहुधा वाढते. रोखा आहे तेवढाच राहतो. ही किंमत जाणूनबुजून मोजावी लागणार होती.

करारनाम्याशिवाय किल्ली नको

हिशेब जमला तरी घर भाड्याने देण्याविषयी जुन्या पिढीच्या मनात धास्ती असते, आणि ती निराधार नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याखाली अनेक वाड्यांची व चाळींची भाडी वर्षानुवर्षे गोठून राहिली. मालकाला मिळकतकराइतकेही भाडे मिळेना आणि जागाही परत मिळेना. पागडीची पद्धत त्याच अडचणीतून बळावली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर दिलेल्या घराच्या मालकाला निश्चित आधार मिळाला. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळू शकते.

मात्र हा आधार लेखी व नोंदणीकृत करारालाच आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती न केल्यास कराराच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाऊ शकते, शिवाय मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. खर्च किरकोळ आहे: एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरी भागात एक हजार रुपये नोंदणी शुल्क. ओळखीचा आहे, समाजातला आहे, म्हणून तोंडी बोलीवर किल्ली देण्याची प्रथा सोडलेली बरी. नातेसंबंध जपायचे असतील तर कागद आधी करावा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणेही विसरू नये.

घेतानाची दक्षताही तितकीच महत्त्वाची. इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला, विक्रेत्याच्या नावाची साखळी, बँकेचा बोजा, सोसायटीची थकबाकी आणि वाहनतळाची जागा कागदावर पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे घर घेणाऱ्याने विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

घर केव्हा परवडते?

या हिशेबावरून भाड्याचे घर नेहमीच तोट्याचे, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. नफा खरेदीतच असतो, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून हिशेब उलटा करावा. निव्वळ भाडे दीड लाख असेल आणि किमान चार टक्के निव्वळ उत्पन्न हवे असेल, तर अशा घराची सर्व खर्चासह पडतळ साडेसदतीस लाखांपुढे जाता कामा नये. समोरचे घर त्र्याऐंशी लाखांना पडत असेल, तर ते घर वाईट नव्हे. गुंतवणूक म्हणून त्याचा भाव मात्र चढा आहे.

तालुक्याच्या गावांत काही वेळा उलट चित्र दिसते. महाविद्यालय, रुग्णालय किंवा औद्योगिक वसाहतीजवळ लहान घरे कमी किमतीत मिळतात आणि भाडे त्या मानाने बरे येते. घरातले कोणी जवळ राहत असेल तर देखरेख सोपी होते. व्यापारी गाळ्यांचे भाडे किमतीच्या मानाने सहसा अधिक असते. परंतु गाळा रिकामा पडला तर सहा-सहा महिने पडून राहतो, आणि बाजार सरकला तर कायमचा. या कुटुंबाच्या गोदामाचे तसेच झाले होते. गाळ्याच्या भाड्यावर अठरा टक्के जीएसटीचाही प्रश्न येतो. मालक नोंदणीकृत नसला तरी भाडेकरू व्यापारी नोंदणीकृत असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर सर्वसाधारणपणे भाडेकरूला भरावा लागतो, आणि भाडे ठरविताना तो त्याचा विचार करतोच.

मुले शिकायला पुण्यात राहणार असतील आणि वसतिगृहाचा खर्च वाचणार असेल, तर तो वाचलेला खर्च घराच्या जमेच्या बाजूला धरता येतो. प्रतिष्ठेसाठी घर घेण्यासही कोणाचा आक्षेप असू नये. फक्त ती रक्कम वहीत गुंतवणुकीच्या खाती न लिहिता खर्चाच्या खाती लिहावी, म्हणजे स्वतःची फसवणूक होत नाही.

आईंचा निर्णय

दोन्ही पाने आईंसमोर ठेवली गेली. थोरल्यांनी आपले म्हणणे पुन्हा मांडले. पैसा पेढीत आला तर साडेदहा टक्क्यांचे व्याज वाचते, तेच आईला देता येईल. नुसत्या टक्केवारीने पाहिले तर त्यांचा मुद्दा सर्वांत बळकट होता. पण तसे केल्यास साडेपाच लाखांचा कर भरावा लागला असता; आणि पेढीला वाईट वर्ष आले तर आईंची ठेवही त्याच नावेत बसली असती.

आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दुकान तुमचं आहे, चांगलं चाललंय, अजून चालेल. पण माझे पैसे दुकानात गेले की दर महिन्याला मला तुमच्या तोंडाकडे बघावं लागेल. तुम्ही नाही म्हणणार नाही, ते मला ठाऊक आहे. मागावं लागेल, एवढंच."

हे ऐकल्यावर हिशेबाचे पान बदलण्याची गरज राहिली नाही. प्रश्न मुळात सर्वाधिक टक्के कोठे मिळतात हा नव्हता. आईंच्या हाती, त्यांच्या नावे, न मागता येणारी रक्कम कशाने उभी राहील हा होता. पुण्याच्या फ्लॅटने ते होत नव्हते, कारण तेथे वीस वर्षे हप्त्याचा पहिला हक्क बँकेचा होता.

चव्वेचाळीस लाख रोख्यांत आणि सहा लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवण्याचे ठरले. दोन्हींवर वारसाचे नाव लिहिताना आईंनी लेकीचेही नाव घातले. कोणी हरकत घेतली नाही. रोख्यांचे व्याज वर्षातून एकदा येणार, म्हणून पहिल्या वर्षापुरते गोदामाच्या भाड्याइतके दहा हजार रुपये पेढीने आईंच्या खात्यात दरमहा भरावेत आणि पुढे ते वळते करून घ्यावेत, अशी नोंद थोरल्या सुनेने वहीत केली. ते मागावे लागू नये म्हणून बँकेला कायमची सूचना दिली.

धाकट्यांनी आपला विचार सोडून दिला नाही, पुढे ढकलला. पाच वर्षांनी रोखे सुटतील तेव्हा हाती चव्वेचाळीस लाख असतील आणि डोक्यावर कर्ज नसेल. तोवर दर दिवाळीला, वहीपूजनानंतर, पुण्यातील त्याच भागातील घरांचा भाव आणि भाडे वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. घर त्या वेळी पडतळीत बसले तर घ्यायचे, हे तिघांनाही मान्य झाले. मुलाच्या परिचयपत्रात पुण्याच्या घराचा उल्लेख आला नाही. पेढीचे नाव मात्र आले.

तिमाही संपली तेव्हा ज्येष्ठ नागरिक योजनेचे पहिले बारा हजार तीनशे रुपये आईंच्या खात्यात जमा झाले. त्यांतले तीन हजार त्यांनी त्याच दिवशी पांजरपोळाला पाठविले. घरात ते कळले चार दिवसांनी, पावती टपालाने आली तेव्हा.